मैदानात बेली डान्स: आम्हा सहाजणींचं गणित

धुळ्याच्या मेळाव्यात नाचायचं तर स्टेजआधी जमीन बघा. मैदानात सराटे असतात. अनवाणी पाय छान दिसतात, पण काटा रुतला की शिमी, म्हणजे कमरेची थरथर, लंगडते. आम्ही पातळ तळव्याच्या चपला घालतो.

रेशमी वेल, म्हणजे हातात धरून नाचायची ओढणी, घरी ठेवा. मागच्या खेपेला वारा सुटला आणि माझी वेल थेट शेवभाजीच्या तर्रीत. लाल डाग अजून आहे.

बसवलेला नाच स्पीकर खरखरला की कोलमडतो. कॅरोलिना नेरिचिओने १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या फॅटचान्स बेलीडान्स या नृत्यगटाची रीत इथे कामाला येते. सगळ्याजणी तिरप्या उभ्या, डावीकडे सर्वांत पुढे म्होरकी. तिच्या हाताची खूण झाली की पुढची स्टेप. ती प्रत्येकीला दिसलीच पाहिजे, म्हणून उंच मुली मागे. गाणं बंद पडलं तर बोटांतल्या झिल्सवर, म्हणजे छोट्या झांजांवर, मकसूम हा ताल चालू ठेवा: दुम तेक, तेक दुम, तेक. घरी पोळ्या लाटताना हाच ताल घोकलाय.

कमरेच्या पट्ट्याची नाणी दुहेरी दोऱ्याने शिवा. पोट झाकायला अंगाच्या रंगाची जाळी चालते. नाच संपला की लगेच वरून गाऊन घाला; जगभरच्या बेली डान्सर हेच करतात. तरी एका आजीने गाठलंच, "माय वं, हाई काय शे?" मी पट्टा तिच्या हातात दिला. तिने दोनदा खुळखुळवला आणि विचारलं, "कितलाले लिधा?"