ट्रेडमार्कच्या वकिलाकडे जाताना पिशवीत काय टाकायचं

आधार, पॅन, फर्मचा करार हे सगळेच नेतात, त्यावर वेळ घालवत नाही. उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंदणी केल्याचं, प्रमाणपत्र मात्र आठवणीने घ्या. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एकट्या माणसाला, स्टार्टअपला आणि लघुउद्योगाला मालाच्या एका वर्गामागे ४,५०० रुपये आहे, बाकीच्यांना ९,०००. भागीदारी फर्म असेल आणि उद्यम घरी राहिलं, तर दुप्पट मोजा. वकिलाची फी वेगळी.

आता बिलं. जुनी बिलं काढा, आणि नुसती काढू नका, एकेक वाचा. बिलावर तारीख हवी आणि ब्रँडचं नाव हवं. दोन्ही हवं.

मी आणि माझी जाऊ २०१५ च्या दिवाळीपासून काळा मसाला विकतोय. सुरुवात नाशिकला पंचवटीतल्या घरातून केली, आता अंबडला छोटा गाळा आहे. २०२२ मध्ये वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, ‘‘हे नाव कधीपासून वापरताय?’’ मी छाती काढून म्हटलं, ‘‘२०१५. फाइल भरून बिलं आहेत, मॅडम.’’ त्यांनी नमुना म्हणून दोन-चार मागितली, तर मी म्हटलं, सगळीच स्कॅन करून पाठवते. पाठवली. वाचली कोणीच नाहीत. मी तर नाहीच.

मग ट्रेडमार्क रजिस्ट्रीचा, म्हणजे नाव नोंदणाऱ्या सरकारी कार्यालयाचा, तपासणी अहवाल आला, कलम ११ची हरकत. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोणीतरी २०१९ मध्ये मिळत्याजुळत्या नावाचा अर्ज टाकून ठेवला होता, तोही ‘पुढे वापरणार आहोत’ एवढ्यावर. आम्ही त्यांच्या चार वर्षं आधीचे, आणि कायदा आधीपासून वापरणाऱ्याची बाजू घेतो. पण सिद्ध केलं तर. सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली. अधिकाऱ्यांनी आमची बिलं खालीवर केली आणि एकच विचारलं: यात नाव कुठे आहे?

नव्हतंच. वर फर्मचं नाव, खाली ‘काळा मसाला २ किलो, मिरची पूड १ किलो’. पाऊचवर मोठ्या अक्षरात छापलेला तो शब्द एकाही बिलावर नाही. गिऱ्हाइकाला माहितीये काय घेतलंय ते, बिलावर कशाला लिहायचं, असा आमचा हिशेब. नाव असलेलं पहिलं बिल निघालं २०२१ चं.

मग शोधाशोध. प्रेसवाल्याचं बिल सापडलं: ‘पाऊच छपाई, ५,००० नग’. कुठल्या नावाचे पाऊच? बिल काही बोलत नाही. डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या प्रदर्शनाची पावती होती, पण फर्मच्या नावाची. पेपरात आमच्यावर चार ओळी आल्या होत्या, ते कात्रण मी इतकं सुबक कापून वहीत चिकटवलेलं की पेपरचं नावही गेलं आणि तारीखही. सासूबाईंची ऑर्डरची वही मिळाली. तीत ब्रँडचं नाव पानोपानी आहे, आणि तारखा अशा: वैशाख वद्य पंचमी, ४ किलो. साल नाही. अर्ज सोडून द्यावा लागला.

म्हणून पुन्हा सांगते, तारीख आणि नाव एकाच कागदावर. प्रेसवाल्याला आजपासून सांगा की कुठल्या ब्रँडची छपाई ते बिलात टाक. पेपरचं आख्खं पान ठेवा. फेसबुकवरची स्वतःच्या पानाची पहिली पोस्ट शोधा, तिच्यावर तारीख असते. व्हॉट्सॲपवर चार हात फिरून आलेल्या फोटोला काही अर्थ नाही. सीएकडून ब्रँडच्या नावाने वर्षवार विक्रीचा दाखला घ्या. आधीपासूनच्या वापराचा दावा केला की प्रतिज्ञापत्र आणि त्याला जोडून हे कागद द्यावेच लागतात, २०१७ च्या नियमांत तसं आहे. कागद २०१८ चा असेल तर २०१८ लिहा, २०१५ ची हौस नको.

नाव ठरवताना इथल्या माणसाला दोन मोह होतात. पहिला ‘नाशिक’ घालायचा. गावाचं नाव मालाचं मूळ सांगतं, त्यावर एकट्याला हक्क सहसा मिळत नाही, कलम ९ लागतं. ‘झणझणीत’, ‘अस्सल’ यांचंही तेच. द्राक्षं किंवा वाइन असेल तर आणखी जपून, त्यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे गावाशी जोडलेलं ते नाव कायद्याने राखलेलं आहे; लासलगावच्या कांद्यालाही आहे. दुसरा मोह देवाधर्माचा. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीसाठी ‘रामायण’ एकट्याला द्यायला नकार दिलाय, तेव्हा रामकुंडाजवळ दुकान आहे म्हणून हक्क मिळेल असं धरून चालू नका.

रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. रोमन स्पेलिंग एका ‘ए’ने, दोन ‘ए’ने, सगळ्या प्रकारे टाकून बघा. उच्चारावरून शोधायची सोय आहे, ती वापरा. आम्ही एकच स्पेलिंग टाकून खूश झालो होतो.

वर्ग एकूण ४५. मसाला आणि चटणी ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये. का ते मला विचारू नका. दोन्ही विकत असाल तर फी दोनदा. ताजी द्राक्षं ३१, वाइन ३३.

अर्ज कोणाच्या नावावर? बिलं ज्याच्या नावावर त्याच्याच. फर्म बायकोची आणि अर्ज नवऱ्याचा, असलं करू नका, मग ती जमवलेली बिलंही परक्याची ठरतात. लोगो भाच्याने फुकट काढून दिला असला तरी त्याच्याकडून हक्क लेखी घ्या, पुढे भांडण नको. ईमेल रोज उघडला जाणारा द्या, कारण अहवाल त्यावरच येतो आणि उत्तराला ३० दिवस असतात.

पुढचं भराभर. अहवालाला उत्तर द्या. लागली तर सुनावणी. मग रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून येतं, तिथून चार महिने कोणीही विरोध करू शकतं. विरोध आला तर उत्तराला दोन महिने, ते चुकले तर अर्ज गेला असं समजा. तोवर पाऊचवर नावापुढे ‘टीएम’ (ट्रेडमार्क) लिहा; गोलातला ‘आर’, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, प्रमाणपत्र हातात येईपर्यंत लावायचा नाही, कायद्यात मनाई आहे. नोंदणी १० वर्षांची, मग नूतनीकरण.

या वेळी नवीन नावाने अर्ज टाकलाय. पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिलावर नाव आहे, अगदी पाव किलोच्या बिलावरही. जाऊबाई म्हणतात, शाई वाया घालवतेस. घालवू दे.