गोडाऊनला सीसीटीव्ही बसवायचाय? कोटेशन मागवायच्या आधी हे करा

परवा भोसरीतून एका शेठचा फोन आला, "सोळा कॅमेऱ्यांचं कोटेशन टाक व्हॉट्सॲपला." म्हटलं सोळाच का? तर म्हणे शेजारच्या गाळ्यात सोळा आहेत. बारा वर्षं झाली मला या धंद्यात आणि अजून निम्मे फोन असेच येतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. उदाहरण गोडाऊनचं घेतोय कारण सगळ्यात जास्त कामं मी तीच केलीत, दुकान असो नाहीतर वर्कशॉप, गणित तेच.

कॅमेरे मोजायच्या आधी एक वही घ्या आणि स्टोअरकीपरला बरोबर घेऊन फिरा. मालकाला नको, मालकाला बऱ्याचदा माहीतच नसतं माल कुठून कुठे फिरतो. उद्या काही लफडं झालं तर फुटेजमध्ये काय शोधणार ते लिहा: ट्रक कितीला आला, नंबर काय, खोकी किती उतरली, गुरुवारी सुटी असताना मागचं शटर कुणी उघडलं. मग प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचं की इथे चेहरा ओळखू यायला हवा, की नंबर वाचता यायला हवा, की नुसती हालचाल दिसली तरी भागेल. ही तिन्ही कामं एकाच कॅमेऱ्याकडून होत नाहीत, सगळा घोळ इथेच होतो.

मी स्वतः केलाय हा घोळ. चाकणला एका गोडाऊनच्या दारावर १४ फुटांवर कॅमेरा ठोकला, सगळं अंगण झकास दिसायचं, मालक खूश. सहा महिन्यांनी तांब्याच्या वायरची बंडलं गेली आणि फुटेज बघितलं तर तीन माणसं एकदम क्लिअर, म्हणजे दोघांच्या टोप्या आणि तिसऱ्याचं टक्कल. तेव्हापासून चेहऱ्याचा कॅमेरा सात-आठ फुटांवर आणि तोही जिथे माणूस थांबतो किंवा वळतो तिथे, वरचा हवा तर वेगळा लावा.

अंतराचं साधं गणित सांगतो. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायला एक मीटर रुंदीत २५० पिक्सेल धरतात, ओळखीचा असेल तर १२५ वरही चालतं. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आडवा २५६० पिक्सेलचा, म्हणजे फ्रेम जास्तीत जास्त १० मीटर रुंद हवी, आणि २.८ एमएमची लेन्स इतकं पसरून बघते की ही मर्यादा चार-सव्वाचार मीटरवरच संपते. त्यापुढे 'कुणीतरी होतं' एवढंच कळणार. लांबचं हवं असेल तर ६ किंवा १२ एमएमची लेन्स घ्या, नुसते मेगापिक्सेल वाढवत बसू नका. ट्रकच्या नंबरप्लेटला वेगळाच कॅमेरा, रात्री हेडलाइटमध्ये साधा कॅमेरा पांढराफटक होतो, आणि तो अशा जागी की गाडी बॅरियरला थांबलेली असेल.

आता हार्डडिस्क. इथे लोक फार फसतात. एक कॅमेरा ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट डेटा) रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण ४३ जीबी, सोळा कॅमेऱ्यांचे ६९० जीबी, म्हणजे ८ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं लिहायला लागते. आणि गोडाऊनमध्ये माल कमी आहे हे कधी कळतं? महिन्याच्या शेवटी, स्टॉक मोजताना. तोपर्यंत तीन तारखेचं फुटेज पुसलेलं असतं. म्हणून आधी विचारा की चोरी उघडकीला यायला तुमच्याकडे किती दिवस लागतात, त्यावर पंधरा दिवस वाढवा, मग डिस्क ठरवा. मी बहुतेकांना ४५ दिवस सांगतो. एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून छोटा करायची पद्धत) सेकंदाला १५ फ्रेम ठेवून २ एमबीपीएसमध्ये भागवलं तर सोळा कॅमेऱ्यांना साडेपंधरा टीबी लागतात, म्हणजे १० टीबीच्या दोन डिस्क घ्या, त्याही सर्व्हेलन्सच्या, कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहून लिहून लवकर बसते.

केबलमध्ये पैसे वाचवायला जाऊ नका. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त पडते, पण पीओईचा, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला दिलेला करंट लांबवर नीट पोचत नाही, दिवसा सगळं ठीक आणि रात्री आयआर, म्हणजे अंधारात बघायचा इन्फ्रारेड लाईट लागला की कॅमेरा बंद-चालू बंद-चालू. एका सप्लायरने मला प्युअर कॉपर म्हणून हीच दिली होती, चाकूने खरवडल्यावर आतून पांढरी निघाली. आणि नेटवर्क स्विचपासून (जिथे कॅमेऱ्यांच्या केबली येऊन जुळतात) कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटरच्या वर ओढायची नाही. लाईटचं म्हणाल तर सोळा कॅमेरे, रेकॉर्डर, स्विच मिळून रात्री २०० वॅटच्या आसपास जातात. छोट्या यूपीएसवर जेमतेम वीस मिनिटं निघतात, तीन-चार तास हवे असतील तर १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टरच लावा.

एकच जागा असेल तर एनव्हीआर, म्हणजे नेटवर्क कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर पुरे. भिवंडी, चाकण, नाशिक अशी तीन-चार गोडाऊनं असतील तेव्हा सगळीकडचे कॅमेरे एकत्र सांभाळणाऱ्या व्हीएमएस सॉफ्टवेअरचा विचार करा, कारण मग प्रश्न कॅमेऱ्याचा राहत नाही, कोण काय बघू शकतो, कुणी फुटेज काढलं, कुठला कॅमेरा कालपासून बंद आहे हे एका स्क्रीनवर हवं असतं. सोळा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मुख्य ऑफिसला खेचायचं म्हणजे एका साइटवरून सतत ३२ एमबीपीएस अपलोड, ते नको. रेकॉर्डिंग जागेवरच, लांबून बघायला हलका स्ट्रीम. जुने कॅमेरे ऑनव्हिफचे (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जुळावीत म्हणून ठरवलेलं स्टँडर्ड) आहेत म्हणून सगळं जुळेल असंही नाही, चित्र येतं पण मोशन अलर्ट येतीलच याची गॅरंटी नसते, व्हीएमएसचं लायसन्स घ्यायच्या आधी एक कॅमेरा जोडून बघा. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायची वाट उघडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने डिफॉल्ट पासवर्डवरच जगभरचे लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले होते. शिवाय एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे कॅमेऱ्यांना सिक्युरिटी टेस्टिंग बंधनकारक झालंय, त्या मॉडेलचं सर्टिफिकेट मागा.

घड्याळ तपासा, हसू नका. एका ठिकाणी टाइम झोन सेट केलाच नव्हता, वेळ साडेपाच तास मागे. चोरी रात्री दोनची, फुटेजवर आदल्या रात्रीचे साडेआठ, आणि साडेआठला ड्युटीवर असलेला वॉचमन बिचारा दोन दिवस चौकशीत अडकला.

कोर्टात न्यायचं असेल तर मोबाईलने स्क्रीनचं शूटिंग चालत नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर ते रेकॉर्डिंग कुठल्या यंत्रातून कसं काढलं याचं सर्टिफिकेट लागणारच. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलवरून काढलेला आकडा, फाइल जरा बदलली की तोही बदलतो) लिहावी लागते. म्हणून फुटेज मूळ फॉरमॅटमध्ये कसं काढायचं हे तुमच्या माणसाला शिकवून घ्या, इन्स्टॉलरच्या भरवशावर राहू नका.

शेवटचे २० टक्के पैसे हातात ठेवा. एके रात्री बाकी कुणाला न कळवता एका माणसाला एक खोकं मागच्या दाराने बाहेर न्यायला सांगा, दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपरला फक्त अंदाजे वेळ द्या आणि म्हणा शोधून पेन ड्राइव्हवर आण. त्याने चेहऱ्यासकट आणून दिलं की मग चेक फाडा.