बंगाली कारागीर उचलले गेले? मशीद कमिटीनं या चुका टाळा

दर दोन-चार महिन्यांनी जुम्म्याच्या नमाजनंतर तेच. जालन्यात कुठल्यातरी साइटवरचे बंगाली मिस्त्री 'बांगलादेशी' म्हणून ठाण्यात नेलेले असतात आणि आपली पोरं आधारच्या झेरॉक्स काढत पळत असतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे नाव 'दुरुस्त' करणं. मालद्याच्या एका प्लास्टरवाल्याच्या आधारवर नावाआधी 'एसके' होतं. बंगालात शेख असंच लिहितात, मतदार यादीतसुद्धा. ठाण्यात विचारलं, "एसके म्हणजे काय, संतोष कुमार?" पंधरा दिवसांत कागद आणायला सांगून सोडलं. आमच्या एका उत्साही पोरानं त्याला थेट आधार केंद्रावर नेऊन 'शेख' करून आणलं. आता गावच्या जमिनीच्या कागदावर एसके, 2002 च्या मतदार यादीत बापही एसके, आणि हा एकटाच शेख. त्यात कार्डावर ताजी तारीख! साहेबांनी कार्ड उलटंपालटं केलं. "चौकशी लागल्यावर नाव बदललं होय?" ते निस्तरायला दोन महिने गेले, त्याची मजुरी बुडाली ती वेगळीच.

मी आता स्पेलिंगला हात लावू देत नाही. आधी गावाकडं फोन. बापाच्या नावाची जुनी मतदार यादी, माध्यमिकचं (म्हणजे तिकडच्या दहावीचं) अ‍ॅडमिट कार्ड, जमिनीची दलील. (दलील म्हणजे तिकडं खरेदीखत. आमच्या वकिलांना वाटलं गडी युक्तिवाद करणार!) सगळं तारखेनं लावायचं आणि कुठल्या कागदावर कोणतं नाव आहे, ते वर एका कोऱ्या पानावर लिहायचं. बाईमाणसाचं लग्नाआधी खातून, नंतर बीबी होतं, तेही लिहा.

नुसत्या आधारवर विसंबू नका. आधार, पॅन, मतदार कार्ड असलं म्हणून कोणी नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलंय. आणि आपण परके नाही हे सिद्ध करायचं ओझं कायद्यानं त्याच माणसावर आहे.

कमिटीच्या लेटरहेडवर ओळखीचं पत्र देताना 'लहानपणापासून ओळखतो' असलं काही नको. दोन वर्षं ओळखता तर दोनच लिहा.

व्हिडिओ टाकू नका. बस्स.

अटक दाखवली असेल तर 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेतात. आपला माणूस तिथं हजर हवा, ठाण्याबाहेर घोषणा देत नको.

आणि खरंच सीमेपलीकडचा निघाला तर? कमिटीत यावर भांडणं होतात. माझ्यापुरतं सांगतो, त्याचा जेवणाचा डबा बंद करत नाही. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, मग तो कुठलाही असो. त्याचा अर्ज मीच लिहून देतो.