शिफ्ट सांभाळून कविता लिहायचीय?

रबाळ्याला एमआयडीसीत डिस्पॅचला आहे मी, ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने येणंजाणं. नवीन मुलं विचारतात की नोकरी सांभाळून कविता कशी जमते, कुठला क्लास लावू. क्लास राहू दे, आधी एक दोस्त बघा. तो कवी नसला तरी चालेल, तोंडावर बोलणारा पाहिजे बस.

सुरुवात अष्टाक्षरीने करा असं मी तरी सांगेन. एका ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, लघु-गुरूचं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ उच्चाराचं टेन्शन नाही, गर्दीत उभ्याउभ्या बोटांवर मोजता येतं. बहिणाबाई चौधरींच्या कितीतरी कविता याच मापात आहेत आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, काम करता करता सुचेल ते म्हणायच्या, घरातली माणसं लिहून घ्यायची. त्या 1951 ला गेल्या, मग त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि 1952 ला पुस्तक आलं. म्हणजे बघा, लिहून घेणारं कोणी नसतं तर सगळं हवेतच गेलं असतं.

मी लिहिलं होतं, ‘पहिल्या पाळीचा भोंगा, झोप राहिली डोळ्यांत’. पॅकिंगमधला आमचा मित्र चहा पिता पिता म्हणाला, "अरे झोप तर सगळेच लिहितात, काल तू डबा विसरलास नि माझ्यातलं जेवलास ना, ते लिही की." मग ओळ झाली ‘डबा विसरला घरी’. मोजा, आठच आहेत. पुढची सगळी कविता त्याच्या डब्यातल्या वहिनींच्या भाकरीवर गेली, आणि ती घरी वाचली तेव्हा बायकोला पहिल्यांदा कळलं की माझं दुपारचं जेवण कसं असतं, कोणासोबत असतं. त्याआधी मी घरी गेलो की जेवून मोबाईल घेऊन पडायचो, आता ती विचारते आज काय झालं.

वाचायला नारायण सुर्वे घ्या. गिरणी कामगाराने सांभाळलेलं पोर, स्वतः गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, 1962 ला पहिला संग्रह आणि 1998 ला पद्मश्री. आपल्यासारख्याला लगेच भिडतात. पुस्तकं विकत घ्यायलाच पाहिजेत असं नाही, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची घाई नको, तिथे हात जोडलेले इमोजी मिळतात (गुड मॉर्निंगलाही तेच मिळतात). कविसंमेलनात वाचायला गेलात तर दोस्ताला शेवटच्या रांगेत बसवा, कुठली ओळ ऐकूच आली नाही ते तोच सांगेल.