परदेशात गाडी चालवताना जीपीएस कसा वापरावा? सराव इथेच करून जा

मुलगा जर्मनीत, मुलगी अमेरिकेत अशी घरं आता जळगाव-धुळ्याकडे कमी नाहीत. भेटीला गेलं की भाड्याची गाडी घेऊन फिरावंसं वाटतंच. गाडी येते, अडतं ते रस्त्यापाशी. त्याची तयारी खान्देशातच करून निघावं, असं माझं ठाम मत आहे.

आधी कागद. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो, म्हणून फार आधी काढू नका. मूळ लायसनही सोबत ठेवा.

मग नकाशा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, फोन उपग्रहांचे सिग्नल थेट घेतो. इंटरनेट लागतं ते नकाशा उतरवायला आणि ट्रॅफिक कळायला. त्यामुळे जिथे फिरणार तिथला ऑफलाइन नकाशा घरच्या वायफायवरच डाउनलोड करा.

आता खरा सराव. आपल्या भागाचा नकाशा उतरवून घ्या, मोबाइल डेटा बंद करा आणि चाळीसगावहून पाटणादेवीला किंवा शहाद्याहून तोरणमाळला जाऊन या. स्क्रीनकडे बघायचं नाही, नुसत्या आवाजावर वळायचं. ‘500 मीटरवर उजवीकडे’ म्हटल्यावर हाती किती वेळ आहे, ते कानाला कळलं पाहिजे. ताशी 60 किलोमीटरला तो 30 सेकंद असतो, जर्मनीच्या हायवेवर 120 ला फक्त 15. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अंतर मैलात सांगतात. अर्धा मैल म्हणजे साधारण 800 मीटर.

तिथे पोचल्यावर पत्ता गाडी उभी असतानाच टाका, पिनकोडसह. अमेरिकेत पोर्टलंड नावाचं शहर ओरेगन राज्यात आहे आणि मेन राज्यातही, दोन्ही देशाच्या दोन टोकांना! म्हणून निघण्याआधी एकूण किलोमीटर किंवा मैल बघून घ्या. फोन स्टँडवरच लावा, पण काचेवर वाटेल तिथे नको. कॅलिफोर्नियात काचेचे ठरावीक कोपरेच चालतात. पत्ता बदलायचा झाला तर ते काम शेजारी बसलेल्याचं.

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत हायवेच्या एक्झिटला, म्हणजे बाहेर पडायच्या फाट्याला, मैलांप्रमाणे नंबर असतो. एक्झिट 42 हवी आहे आणि 38 मागे पडली, तर साधारण चार मैल उरले. हा हिशेब जमला की यंत्र गप्प बसलं तरी घाबरायला होत नाही. एक्झिट चुकलीच तर सरळ पुढे जा, यंत्र नवा रस्ता काढतं. आपल्याकडे फाटा चुकला की काही जण गाडी रिव्हर्स घेतात, नाहीतर उलट्या बाजूने परत येतात. तिथे हे अजिबात करू नका, जिवावर बेतेल.

यंत्र एक सांगतंय आणि पाटी दुसरं, तर पाटीचं ऐका. इटलीत फ्लॉरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना मनाई असते आणि कॅमेरे नंबर टिपतात. यंत्राने तिकडून नेलं तरी दंड तुम्हालाच. स्पीड कॅमेऱ्याची सूचना देणारी सोयही बंद ठेवा. फ्रान्स आणि जर्मनीत चालकाने ती वापरणं बेकायदा आहे.

गाडी परत देताना तिच्या स्क्रीनवरचे पत्ते आणि जोडलेला फोन आठवणीने काढून टाका. मुलांच्या घराचा पत्ता आणि तुमचे सगळे नंबर त्यातच राहिलेले असतात.