लिनक्सवरून सॉफ्टवेअर काढल्यावर मागे काय काय उरतं

जळगाव, भुसावळकडची पोरं डिप्लोमा झाला की सर्व्हर सपोर्टच्या जॉबसाठी पुण्याला निघतात आणि त्याआधी विचारतात, लिनक्समध्ये आधी काय शिकू. मी सांगतो, सॉफ्टवेअर टाकणं तर कोणालाही येतं भो, आधी ते नीट काढायला शिक.

उबंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर एपीटी रिमूव्ह (एपीटी म्हणजे सॉफ्टवेअर टाकायची-काढायची कमांड) दिलं की प्रोग्राम जातो, पण सेटिंगच्या फायली ईटीसी फोल्डरमध्ये तशाच राहतात. हे मुद्दाम केलेलं आहे, उद्या तेच परत टाकलं तर सगळी सेटिंग नव्याने करायला लागू नये म्हणून. एपीटीच्या खाली प्रत्यक्ष काम करते ती कमांड म्हणजे डीपीकेजी. डीपीकेजी मायनस एलने (एल लहान लिपीतला) पॅकेजची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची, यादी काढा, ज्या ओळीच्या सुरुवातीला आरसी दिसेल ते पॅकेज गेलंय पण सेटिंग मागे राहिलीये. तीही नको असेल तर एपीटी पर्ज द्यायचं, पॅकेज आधीच काढलेलं असलं तरी चालतं.

खरी गोम पुढे आहे. धुळ्यातल्या एका लॅबमध्ये अपाची हा वेब सर्व्हर चालेना म्हणून एका पोराने ईटीसीमधलं त्याचं अख्खं फोल्डरच हाताने उडवलं, मग परत इन्स्टॉल केलं तरी फायली काही येईनात, आणि सगळे म्हणे नेट गंडलंय. नेटचा काहीच संबंध नव्हता. सेटिंगची फाईल हाताने काढली की डीपीकेजी धरून चालतं, मशीनवाल्याला ती नकोच आहे, म्हणून परत टाकत नाही. पर्ज केलं की जुनी नोंदच जाते, मग इन्स्टॉल केल्यावर फायली नव्या कोऱ्या येतात. म्हणून आरएम या फायली पुसायच्या कमांडने सिस्टिमच्या फायली उडवायच्या नाहीत, हे मी प्रत्येकाला अगदी कळकळीने सांगतो.

फक्त डेटाबेस असेल तर पर्जच्या आधी बॅकअप घ्याच, तिथे डेटाही पुसायचा का असं विचारतं आणि घाईत हो दाबलं जातं.

मग एपीटी ऑटोरिमूव्ह. ज्या लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामना लागणारे सामायिक कोडचे भाग, दुसऱ्या कोणासाठी आल्या होत्या आणि आता कोणालाच लागत नाहीत त्या जातात, जुने कर्नलपण (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा). वाय दाबायच्या आधी यादी पूर्ण वाचा, त्यात डेस्कटॉपचं काही दिसलं तर एन दाबून थांबा. डाउनलोड झालेल्या डेब, म्हणजे पॅकेजच्या, फायली एपीटी क्लीनने जातात. होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिग, डॉट कॅशे या फोल्डरमधल्या फायलींना मात्र पर्ज हातच लावत नाही, त्या आपल्या आपणच बघून काढायच्या.

आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट कधीही जाते, त्यामुळे हे काम यूपीएसवर करा. मधेच मशीन बंद पडलंच तर सुडो लावून (म्हणजे अॅडमिनच्या हक्काने) डीपीकेजी कॉन्फिगर मायनस ए चालवा, कॉन्फिगरच्या आधी दोन मायनस, अर्धवट राहिलेलं काम तिथून पुढे सुरू होतं.