व्हाईट कुठे थांबला?

२६व्या वर्षी मी पहिल्यांदा स्नूकरचा क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, हातात धरला, तोही पुण्यातल्या एका तळघरातल्या पार्लरमध्ये. ऑफिस सुटलं की आम्ही चौघं मित्र तिथे जायचो. हरेल त्याने टेबलचं भाडं भरायचं, ही तिथली रीत. पहिलं वर्षभर ते इतक्या वेळा मी भरलं की शेवटी मालक मला चहाचे पैसे लावेनासा झाला.

दुसऱ्या वर्षी पॉट, म्हणजे बॉल पॉकेटात घालणारे शॉट, बरे बसायला लागले. लांबचा रेड (लाल बॉल) खाडकन आत गेला की मित्र वाहवा करायचे, पण रेडनंतर रंगीत बॉल मारायचा असतो, आणि पुढच्याच शॉटला ब्लॅक, पिंक, ब्लू सगळे आडबाजूला. ब्रेक, म्हणजे एका पाळीत सलग मिळवलेले गुण, आठ, नऊ, फार तर पंधरा. तिथे एक वयस्कर मार्कर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. गुण लिहिता लिहिता ते एकदा म्हणाले, "पॉट काय, कुणीही करतं रे. व्हाईट कुठं थांबला ते सांग."

मला सांगता येईना. कारण मारल्यानंतर मी व्हाईटकडे, म्हणजे क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलकडे, बघतच नव्हतो, रेडकडे बघत होतो.

नव्या लोकांची हीच गफलत होते. १९९७ मध्ये स्नूकरपटू रॉनी ओसुलिव्हनने साडेपाच मिनिटांच्या आत १४७चा, म्हणजे 'मॅक्सिमम' ब्रेक केला, तो व्हिडिओ बघून आपण त्याचा वेग उचलायला जातो. तोच व्हिडिओ फक्त व्हाईटवर डोळे ठेवून बघा. तो किती कमी हिंडतो! टेबल १२ बाय ६ फुटांचं असलं तरी बराचसा खेळ ब्लॅक-पिंकच्या आसपासच चालतो.

मग मी आठवड्यातले दोन दिवस एकट्याने खेळायचं ठरवलं. मित्र चिडले, कारण भाडं भरणारा गेला.

सुरुवात एकाच शॉटने करायचो. ब्लू टेबलच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे कोपऱ्यातल्या पॉकेटपासून तिरक्या समोरच्या पॉकेटपर्यंतची रेषा त्याच्यावरूनच जाते. त्या रेषेवर, बॉक लाइनपाशी (टेबलच्या एका टोकाकडची आडवी रेषा) व्हाईट ठेवायचा आणि सरळ ब्लू मारायचा. स्टन, म्हणजे व्हाईट जागीच थांबवणारा फटका, नीट लागला तर ब्लू होता तिथेच व्हाईट थांबतो. तो डावीउजवीकडे सरकला, तर पॉट बसूनही काहीतरी चुकलेलं असतं. अशा २० शॉट्सपैकी पहिल्या दिवशी माझे ११ बसले. चुकलेले बहुतेक सगळे एकाच बाजूला जात होते. मोबाईल खुर्चीला टेकवून व्हिडिओ काढला तेव्हा कळलं, क्यू व्हाईटला लागायच्या आतच माझी मान वर येत होती. मला वाटत होतं मी दगडासारखा स्थिर आहे! मान खाली ठेवायची सवय लागायला तीन महिने गेले, आणि घाईत ती अजूनही मोडते.

त्यानंतर लाइन-अप. १५ रेड ब्लूपासून ब्लॅकच्या पुढपर्यंत एका रेषेत मांडायचे, रंगीत बॉल आपापल्या जागी, आणि एक रेड एक रंग असं जमेल तितकं खेळायचं. यात नियम एकच पाळला. मारण्याआधी मोठ्याने बोलायचं, 'व्हाईट इथे थांबणार.' तिथे नाही थांबला, तर पॉट बसला तरी वहीत फुली. पहिल्या महिन्यात वही फुल्यांनी भरली. पण हळूहळू स्क्रू (व्हाईटला मागे आणणारी फिरकी) किती लागतो, किती जोरात मारलं की कुशनवरून, म्हणजे टेबलच्या कडेवरून, किती परततो, याचा अंदाज हातात उतरला. वर्षाअखेरीस लाइन-अपमध्ये चाळिशी गाठली आणि मला वाटलं, झालं.

मग शहरातल्या एका जिमखान्याच्या ओपन स्पर्धेत नाव दिलं.

तिथे काळी पँट आणि काळे बूट सक्तीचे. मी आयुष्यभर चपला घालून खेळलेलो, नव्या बुटांत पाय सरकत होता. एसी हॉलमधलं नवं कापड आमच्या तळघरातल्या, पावसाळ्यात जड होणाऱ्या कापडाच्या दुप्पट धावत होतं. पॉकेटही अरुंद. तरी दोष टेबलचा नव्हता. निर्णायक फ्रेममध्ये (डावात) फक्त सहा रंग उरले होते आणि मी २८ गुणांनी पुढे होतो. सगळे रंग मिळून २७ होतात, म्हणजे माझ्या फाऊलचे गुण मिळाल्याशिवाय समोरच्याला जिंकणं शक्यच नव्हतं. व्हाईट लांब नेऊन ठेवला असता तरी चाललं असतं. मी येलो मारायला गेलो. येलो पॉकेटच्या तोंडाशी लटकला आणि व्हाईट पलीकडच्या पॉकेटात पडला. फाऊलचे चार गुण समोरच्याला गेले, आघाडी २४वर आली, वर त्याला व्हाईट हाताने ठेवायला मिळाला. त्याने येलोपासून ब्लॅकपर्यंत सगळं साफ केलं. मी तीन गुणांनी हरलो. ती तीन-चार मिनिटं खुर्चीत बसून हातातलं पाणीही प्यायलं गेलं नाही.

मामांना सांगितलं तर ते हसलेच. "तू हरत नाहीस रे, देऊन येतोस."

तेव्हापासून मॅचची वेगळी वही केली. प्रत्येक हरलेल्या फ्रेमबद्दल एकच ओळ, समोरच्याला मोठी संधी कशी मिळाली. दहा फ्रेम झाल्यावर बघितलं तर सहा वेळा गोष्ट तीच होती. लांबचा रेड चुकला आणि व्हाईट रेडच्या घोळक्यात जाऊन थांबला. चुकणं समजू शकतो, लांबचे रेड सगळ्यांचेच चुकतात. पण चुकल्यावर व्हाईट कुठे जाईल याचा विचार मी मारण्याआधी केलाच नव्हता. मामांचा प्रश्न इथेही लागू होता, मी तो फक्त बसलेल्या पॉटलाच विचारत होतो.

म्हणून आता तासातली वीस मिनिटं सेफ्टीसाठी, म्हणजे समोरच्याला सोपी संधी न देणाऱ्या शॉटसाठी. घोळक्यातल्या कडेच्या रेडला पातळ घासून व्हाईट बॉक कुशनला परत आणायचा. कुशनपासून चॉकच्या खड्याएवढ्या अंतरात आला तर एक गुण. कंटाळवाणं आहे, कुणी वाहवा करत नाही. पण स्थानिक पातळीवरच्या मॅच यावरच जिंकल्या जातात असं माझं ठाम मत आहे. मोठे ब्रेक तिथे फारसे बघायला मिळत नाहीत. आणि आपल्यापेक्षा सरस असलेल्याशी खेळा, भाडं भरावं लागलं तरी. शिकवणीची फी त्याहून महाग असते.

एक गंमत सांगायची राहिली. हा खेळ १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला असं मानतात, आणि 'स्नूकर' म्हणजे तेव्हाच्या लष्करी बोलीत नवशिका कॅडेट. त्यामुळे पहिली दोन वर्षं कुणी हसलं तर मनावर घेऊ नका.

परवा त्याच जिमखान्यात पहिली फेरी जिंकलो. सर्वांत मोठा ब्रेक फक्त १९. तळघरात येऊन सांगितलं तर मामांनी स्कोअर विचारलाच नाही.

"येलोवर किती पुढं होतास?"

"बावीस."

"मग?"

"सेफ्टी खेळलो."

मामांनी ट्रँगल उचलला आणि रेड लावायला घेतले.